अवेस्ता आत, पहलवी उंबऱ्यावर

जून २०१४मध्ये युनिकोडची सातवी आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि मोडी लिपीला संगणकात अधिकृत जागा मिळाली. पांढुर्णा-सौंसरच्या मराठी मुलखाला मोडी परकी नाही. अठराव्या शतकाच्या मध्यावर देवगडच्या गोंड राज्याचा हा भाग नागपूरकर भोसल्यांकडे आला, आणि भोसल्यांचा मराठी कारभार मोडीतच चाले. पुढे डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले, १८६१मध्ये मध्य प्रांत झाला, १९५६मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशातच राहिले. २०२३पासून या दोन तहसिलींचा वेगळा पांढुर्णा जिल्हाही झाला. या सगळ्या उलथापालथीत मराठी टिकली, मोडी मात्र वाचणाऱ्यांअभावी मागे पडली. तिला क्रमांक मिळाले त्याच आवृत्तीत आणखी एक लिपी दाखल झाली: इराणची, उजवीकडून डावीकडे लिहायची ‘स्तोत्रसंहिता पहलवी’. या लिपीतला उपलब्ध मजकूर मुख्यतः एका फाटक्या पोथीच्या बारा पानांपुरता आहे. उलट तिची थोरली बहीण, जिच्यात जरथुष्ट्री धर्माचे शतकानुशतकांचे वाङ्मय लिहिले गेले, जिचे लेख मुंबईच्या कान्हेरी लेण्यांत आहेत आणि जिच्या पोथ्यांच्या नकला ठाण्यात झाल्या, ती ग्रंथ-पहलवी आजवर यादीबाहेर आहे. बारा पानांना जागा मिळाली आणि अख्ख्या ग्रंथसंग्रहाला नाही, हा उलटा न्याय कसा झाला हे समजायचे तर संगणकाच्या बरेच मागे जावे लागते.

युनिकोड नेमके काय करते ते आधी पाहू. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. पांढुर्ण्यातल्या टायपिंगच्या वर्गात कृतिदेव शिकलेल्या कुणालाही याचा फटका ठाऊक असतो: मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला, तिथे तो फॉन्ट नसला, की हिंदी किंवा मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कारण कृतिदेवात साठवलेली असतात इंग्रजी अक्षरेच. वर देवनागरीचे नुसते सोंग असते. युनिकोडने आपल्या यादीतल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. देवनागरी ‘अ’चा क्रमांक २३०९, मोडी ‘अ’चा ७११६८. फॉन्ट कोणताही असो, क्रमांक तोच. शिवाय एकदा दिलेला क्रमांक परत घेता येत नाही, बदलताही येत नाही, असा त्यांचा नियम आहे. म्हणून क्रमांक देण्यापूर्वी ठरवावे लागते की या लिपीत वेगवेगळी अक्षरे कोणती आणि एकाच अक्षराची नुसती रूपे कोणती. हे ठरवणे हेच खरे काम, बाकी सगळी हमाली. माझे म्हणणे असे की इराणी लिप्यांच्या बाबतीत हे काम संगणकवाल्यांनी केलेच नाही. जिथे ते जुन्या लेखनिकांनी आणि दस्तुरांनी, म्हणजे पारशी धर्मगुरूंनी, करून ठेवले होते तिथे लिपी सुखरूप आत आली. जिथे राहून गेले होते तिथे अजून अडून बसली आहे.

अवेस्ता या जरथुष्ट्री धर्मग्रंथाची त्याच नावाची लिपी आणि पहलवी या एका घरातल्या, पण स्वभावाने अगदी उलट. इराणात अखमनी साम्राज्याच्या काळापासून कारकुनी अरमाई भाषेत आणि अरमाई लिपीत चाले. साम्राज्य गेले, पण लेखनिक आणि त्यांची २२ अक्षरे राहिली. हळूहळू भाषा इराणी झाली. अरमाई शब्द मात्र जसेच्या तसे लिहून इराणीत वाचण्याची रीत पडली. आपल्याकडे पत्रात ‘रा. रा.’ लिहून ‘राजमान्य राजश्री’ वाचत, तसे लेखनिक ‘लहमा’ हा अरमाई शब्द लिहीत आणि ‘नान’ वाचत. लिहीत ‘मलका’, वाचत ‘शाह’. त्यातच घाईच्या लेखणीने अक्षरे झिजत गेली. शिलालेखांच्या पहलवीत वाव, आयिन आणि रेश ही तीन अक्षरे एकाच आकाराची झाली, मेम आणि कोफ ही दोन एकमेकांत मिसळली. पोथ्यांमधल्या पहलवीत ही झीज इतकी वाढली की २२ अक्षरांच्या जागी बारा-चौदा आकारच उरले. एकच उभा फटकारा व, न, र किंवा आयिन असा काहीही असू शकतो, आणि दोन फटकारे जोडले की तिसऱ्याच अक्षराचा भास होतो. लेखनिकाला शब्द आधीच पाठ असल्यामुळे त्याचे काही अडत नसे.

धर्मग्रंथाचे मात्र असे चालणार नव्हते. अवेस्ता शेकडो वर्षे मुखोद्गत परंपरेने आली होती. वेदपाठाप्रमाणे तिथेही उच्चार चुकला की विधी बिघडला. म्हणून इराणातल्या सासानी राजवटीच्या काळात कुणा जाणकारांनी पहलवीच्याच वळणावरून नवी लिपी बेतली आणि प्रत्येक उच्चाराला वेगळे अक्षर दिले. ऱ्हस्व-दीर्घ वेगळे, नाकातला ‘आ’ वेगळा, ‘श’च्याच तीन तऱ्हा वेगळ्या. पन्नासहून जास्त अक्षरे झाली. प्राचीन जगात इतकी काटेकोर उच्चारलिपी क्वचितच सापडेल. तिच्या कर्त्याचे नाव कुणाला ठाऊक नाही, पण युनिकोडच्या समितीचे निम्मे काम त्याने आधीच उरकले होते.

भारतात या दोन्ही लिप्या पारशांबरोबर आल्या. कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात बौद्ध भिंतींवर पहलवी लेख आहेत. यज्दगर्दी सन ३७८ आणि ३९०, म्हणजे इसवी सन १००९ आणि १०२१, अशा तारखा घालून आलेल्या मंडळींनी आपली आणि आपल्या वडिलांची नावे तिथे लिहून ठेवली. त्यांना पहलवी सहज लिहिता येत होती. नंतर ती पकड सुटत गेली. बाराव्या शतकाच्या सुमाराचा मानला जाणारा दस्तूर नेर्योसंग धवल याने अवेस्तेच्या भागांचे संस्कृत भाषांतर केले आणि पहलवी ग्रंथ अवेस्तेच्या स्वच्छ अक्षरांत उतरवण्याची वाट रुळवली. या उताऱ्यांना पाझंद म्हणतात. संदिग्ध लिपीतला मजकूर निःसंदिग्ध लिपीत नेणे, हेच तर आजचे संगणकवाले करू पाहतात. फक्त नेर्योसंगाकडे बोरू होता. दिशेचा प्रश्नही तेव्हाच उभा राहिला. अवेस्ता उजवीकडून डावीकडे, संस्कृत डावीकडून उजवीकडे. एका पानावर दोन्ही नांदणार कशी? काही पोथ्यांत संस्कृत ओळी चक्क उलट्या, डोके खाली करून लिहिल्या आहेत. पोथी सरळ धरली तर अवेस्ता वाचता येते आणि नागरी ओळही तिच्याच दिशेने सरकते. संस्कृत वाचायचे तर पोथी फिरवायची.

पाझंदाची किंमतही मोजावी लागली. उतरवणाऱ्याने एकदा जे वाचले ते कायमचे ठरले, चूक असली तरी. जरथुष्ट्री धर्मातल्या परमेश्वराचे पहलवी नाव ओहर्मज्द. त्याची अक्षरे इतकी एकसारखी की पारशी परंपरेत ती ‘अनहोमा’ अशी वाचली गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या तशीच शिकवली गेली. देवाच्या नावाची ही गत, मग सामान्य शब्दांचे काय होत असेल! या उदाहरणाची गरज आपल्याला पुढे लागणार आहे. सुदैवाने मूळ पोथ्याही जपल्या गेल्या. इराणातून आलेल्या मेहरबान कैखुस्रो नावाच्या मोबेदाने, म्हणजे पुरोहिताने, १३२२मध्ये ठाण्यात आणि १३२३मध्ये खंबायतेत केलेल्या नकला आजही अभ्यासाचा पाया आहेत. ठाण्याच्या त्या पोथीवरूनच दस्तूर जामास्पजी मिनोचेहेरजी जामास्प आसाना यांनी ‘पहलवी टेक्स्ट्स’ मुंबईत छापली. पहिला भाग १८९७चा, दुसरा १९१३चा.

छपाईचे पर्व यापूर्वीच सुरू झाले होते, आणि त्याला चालना दिली युरोपीय कुतूहलाने. आंक्तील द्युपेराँ हा फ्रेंच तरुण सुरतेत दस्तूर दाराबांकडे शिकून गेला आणि त्याने १७७१मध्ये अवेस्तेचे भाषांतर छापले. डॅनिश पंडित रास्क १८२०मध्ये मुंबईला आला आणि जुन्या पोथ्या कोपनहेगनला घेऊन गेला. पॅरिसमध्ये ब्यूर्नूफने एक पोथी शिळाछापावर उतरवली. १८५०नंतर वेस्टरगार्डची आवृत्ती खिळ्यांवर निघाली. पण या कामाचा रंगतदार भाग आपल्या बाजूला घडला. मार्टिन हाऊग १८५९पासून १८६६पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे काम पाहत होता आणि पारशी दस्तुरांकडून पोथ्या मिळवत होता. एडवर्ड वेस्ट १८४४मध्ये कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसचा कारभार पाहायला मुंबईत आला, पुढे जी. आय. पी. रेल्वेत इंजिनिअर झाला, आणि फावल्या वेळात कान्हेरीचे लेख उतरवता उतरवता पहलवीचा पहिल्या प्रतीचा जाणकार बनला. रूळ टाकणाऱ्या माणसाने सासानी धर्मग्रंथ उलगडावेत, हे एकोणिसाव्या शतकातच शक्य होते. तिसरे नाव आजच्या मध्य प्रदेशाशी जोडलेले आहे: माळव्यातल्या पारशांचे मुख्य दस्तूर होशंगजी जामास्पजी. मुंबई सरकारच्या हुकुमाने १८६७मध्ये निघालेला अवेस्ता-पहलवी शब्दसंग्रह आणि १८७०चा पहलवी-पाझंद शब्दसंग्रह त्यांनी मूळ लिपीत संपादित केले. हा दुसरा संग्रह मुळात सासानी परंपरेतल्या लेखनिकांसाठीच होता: अमुक अरमाई रूप दिसले की अमुक इराणी शब्द वाच. लेखनिकांनी स्वतः तयार केलेले हे एक जुने सांकेतिक कोष्टकच होते.

आता या छपाईतली एक बारीक गोष्ट. ‘दीनकर्द’ हा अवाढव्य पहलवी ग्रंथ मुंबईत दोनदा छापला गेला. संजाना पितापुत्रांनी १८७४पासून १९२८पर्यंत तो १९ खंडांत काढला, आणि मदन यांची आवृत्ती १९११ला आली. दोन्ही पहलवी लिपीतच. म्हणजे युनिकोडला आज जे साधलेले नाही ते मुंबईच्या जुळाऱ्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी करून दाखवले. ते कसे जमले? खिळा आकाराचा असतो, उच्चाराचा नसतो. तो उभा फटकारा व आहे की न की र, हे जुळाऱ्याला ठरवावे लागत नाही. पोथीत दिसला तसा फटकारा उचलून पट्टीत बसवायचा. संदिग्धता जशीच्या तशी वाचकाच्या हवाली करायची. आणि जिथे खिळ्यांवरही भरवसा नव्हता तिथे पोथीची प्रतिमाच छापली. १९०८मध्ये अंकलेसरियांनी ‘बुंदहिश्न’ या पहलवी ग्रंथाची प्रत मुंबईतून तशी काढली. अवेस्तेचे काम याच्या उलट चालले होते. गेल्डनरने १८८६ ते १८९६ या काळात स्टुटगार्टला जी आवृत्ती काढली तिच्यासाठी सव्वाशेच्या आसपास हस्तलिखिते ताडून पाहिली, त्यांतली कितीतरी मुंबई-नवसारीच्या पारशांनी उसनी दिलेली. १९७१मध्ये कार्ल होफमानने अवेस्तेच्या अक्षरांची तपासलेली यादीच मांडली. संगणकाच्या क्रमांकांची वेळ आली तेव्हा टेबलावर ही यादी तयार होती.

म्हणूनच २००२च्या सुमारास अवेस्ता आणि पहलवीला एकाच जोडप्रस्तावात बसवण्याचा जो विचार झाला तो टिकला नाही. २००७मध्ये आयर्लंडचे मायकेल एव्हर्सन आणि मूळचे इराणी रूझबेह पूर्नादेर यांनी अवेस्तेचा स्वतंत्र प्रस्ताव मांडला आणि ऑक्टोबर २००९च्या ५.२ आवृत्तीत ती दाखल झाली: ५४ अक्षरे आणि ७ विरामचिन्हे, एकूण ६१. पहिल्या ‘अ’ला क्रमांक मिळाला ६८३५२. विरामचिन्हांचा काटेकोरपणा पाहण्यासारखा आहे. दोन ठिपके वर आणि एक खाली, या एकाच रचनेला बारीक, लहान आणि ठळक असे तीन क्रमांक. मग एक ठिपका वर आणि दोन खाली. मग ठिपक्यांच्या जागी पोकळ वर्तुळे. दिशेचा प्रश्न, ज्यासाठी पोथीत संस्कृत उलटे लिहावे लागले, तो तर फुकटात सुटला. अरबी आणि हिब्रूसाठी आधीच नियम बसलेले होते: अक्षरे वाचनाच्या क्रमाने साठवायची आणि पडद्यावर दाखवताना उजवीकडून मांडायची. त्याच ५.२ आवृत्तीत शिलालेखांची पहलवीही आली, १९ अक्षरांची. तिथे वाव-आयिन-रेश असे तिहेरी नाव असलेल्या चिन्हाला एकच क्रमांक आहे, मेम-कोफलाही एकच. म्हणजे समितीने मुंबईच्या जुळाऱ्याचाच न्याय लावला: दिसते ते लिहा. स्तोत्रसंहिता पहलवीलाही तोच न्याय मिळाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन मोहिमेला चीनमधल्या तुर्फानजवळ बुलायिक इथे बायबलातल्या स्तोत्रांची पहलवी पाने मिळाली होती. त्यांतली अक्षरे अजून वेगवेगळी ओळखू येण्याजोगी होती. पोथी लहान आणि हस्ताक्षर स्वच्छ, त्यामुळे वाद कमी.

मग हाच न्याय ग्रंथ-पहलवीला लावायला काय हरकत? प्रस्ताव येत राहिले, चर्चा होत राहिल्या, गाडी पुढे गेली नाही. इथे विरोधकांची बाजू खरोखर भक्कम आहे. खिळे जुळवताना एखादा आकार एका मोठ्या खिळ्याने साधला की दोन लहान खिळे शेजारी लावून, याने कागदावर फरक पडत नाही. संगणकात पडतो. एका अभ्यासकाने ओहर्मज्दाचे नाव चार चिन्हांनी टंकले आणि दुसऱ्याने हुबेहूब तसेच दिसणारे पाच चिन्हांनी, तर डोळ्यांना दोन्ही एक आणि यंत्राला दोन वेगळे शब्द. शोध घेतला तर निम्मे सापडेल, निम्मे नाही. उच्चारावरून क्रमांक द्यावेत तर अनहोमाचा घोटाळा पुन्हा: टंकणाऱ्याचे वाचन मजकुरात कायमचे कोरले जाईल, आणि चूक कळली तरी पोथीत मुळात काय होते ते त्या मजकुरातून मिळणार नाही. तरीही मला आकाराची बाजूच खरी वाटते. आकार कसा तोडायचा याचा नियम एकदा ठरवून सगळ्यांवर बांधता येतो. उच्चाराबाबत तसे एकमत सासानी लेखनिकांच्या मृत्यूनंतर कधी झालेले नाही. नियम थोडा मनमानी झाला तरी चालेल. उच्चाराची चूक मजकुरात शिरली तर मात्र ती निस्तरणे कठीण.

याहून मूलगामी आक्षेप असा की हवे कुणाला हे सगळे? पारशी घरात प्रार्थना गुजराती लिपीतल्या पुस्तकातून म्हटल्या जातात, परदेशात रोमन लिपीतून. अवेस्तेची अक्षरे मोबेदांतही थोडेच वाचतात, पहलवी तर मूठभर पंडित. शिवाय पोथ्यांची छायाचित्रे आता घरबसल्या पाहता येतात. यातला पहिला भाग खरा आहे आणि म्हणूनच तो युक्तिवाद म्हणून लंगडा आहे: गुजरातीत किंवा देवनागरीत ‘श’च्या त्या तीन तऱ्हा वेगळ्या दाखवता येत नाहीत, आणि ज्या फरकासाठी लिपी जन्मली तोच फरक नेमका गळतो. छायाचित्र प्रामाणिक खरे, अंकलेसरियांनी त्याचा आधार घेतला तो उगीच नव्हे; पण छायाचित्रात शब्द शोधता येत नाही, दोन पोथ्या यंत्राने ताडता येत नाहीत. गेल्डनरला सव्वाशे पोथ्या डोळ्यांनी ताडायला दहा वर्षे नुसत्या छपाईची लागली. आणखी एक कुरकुर ऐकू येते, की आपल्या पूर्वजांची अक्षरे अमेरिकेतल्या कुठल्या मंडळाने का ठरवावीत. पण मंडळ आपणहून काही ठरवत नाही. कुणीतरी पुरावे जोडून प्रस्ताव द्यावा लागतो. मोडीचा प्रस्ताव अमेरिकेत राहणाऱ्या अंशुमन पांडे यांनी २०११मध्ये दिला. मराठीला वाटेल तेवढा अभिमान असो, मोडीची कागदपत्रे उपसून तो प्रस्ताव मराठी संस्थांकडून आधी गेला नाही, एवढे तरी कबूल करावे लागेल.

मोडीची गंमत अशी की ती या दोन टोकांच्या मध्ये पडते. घाईच्या लेखणीने तीही पहलवीसारखी वळली, अक्षर काना-मात्रेत मिसळले, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुतेक लिहिणाऱ्यांनी सोडून दिला. पण तिच्या पाठीशी बालबोध होती. मोडीतले प्रत्येक अक्षर बालबोधातल्या कोणत्या अक्षराचे, हे लिहिणाऱ्याच्या मनात स्पष्ट असे. विल्यम कॅरीने १८१०मध्ये सेरामपूरला मराठी कोश मोडी खिळ्यांवर छापला तेव्हाही वर्णमाला तीच होती. त्यामुळे २०१४मध्ये ७९ चिन्हांचा तक्ता फारशा भांडणाशिवाय बसला. ऱ्हस्व इ आणि दीर्घ ई यांना वेगळे क्रमांक मिळाले, जुन्या कागदांत ते वेगळे दिसोत न दिसोत. चिटणिशी वळण, पेशवाई वळण आणि इंग्रजी अमदानीतले वळण हे फॉन्टवर सोपवले गेले. भोसल्यांच्या अमलातला एखादा कागद आज कुणी टंकायला घेतला तर त्याला ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतले एक निवडावेच लागेल, कागदात तो भेद नसला तरी. नेर्योसंगासमोर हाच पेच होता, फक्त त्याच्या हातून झालेली निवड आठशे वर्षे टिकली.

ग्रंथ-पहलवीसाठी तूर्त अभ्यासकांचा व्यवहार रोमन अक्षरांत चालतो. दीनकर्दाचे उतारे, बुंदहिश्न, ठाण्याच्या पोथीतला मजकूर, सगळे संगणकावर आहेत ते वरखाली ठिपके दिलेल्या रोमन लिप्यंतरात, आणि त्यात प्रत्येक फटकाऱ्याचे वाचन संपादकाने आधीच करून टाकलेले असते. मुंबईच्या छापखान्यांनी जे खिळे ओतवून घेतले त्यांतला कोणता आकार कुठे वापरला, कोणता जोडाक्षराचा खिळा वेगळा पाडला, हे त्या छापील पानांवरून आजही नोंदवता येईल. नवा प्रस्ताव लिहिणाऱ्याला आकार तोडण्याचा नियम शोधायचा असेल, तर पोथ्यांच्या आधी त्याने १९११चा दीनकर्द उघडावा.